अठ्ठेचाळीस मतदारसंघांचा हिशेब: २०२४ ची लोकसभा निवडणूक आणि महाराष्ट्र

४ जून २०२४ च्या दुपारपर्यंत महाराष्ट्राचे चित्र पुरते पालटले होते. २०१९ मध्ये भाजपने २३ आणि अखंड शिवसेनेने १८ अशा ४१ जागा युतीने जिंकल्या होत्या. पाच वर्षांनी भाजप ९ वर आला, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला १ जागा मिळाली. महायुतीची गाडी १७ वर अडली. समोर काँग्रेसने १ वरून १३ वर झेप घेतली. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला ९ आणि शरद पवारांच्या पक्षाला ८ जागा मिळून महाविकास आघाडी ३० वर पोहोचली. उरलेली सांगलीची जागा अपक्ष विशाल पाटील यांनी जिंकली आणि त्यांनी पुढे काँग्रेसला पाठिंबा दिला. भाजप देशात २४० वर थांबला, त्यात उत्तर प्रदेशाखालोखाल मोठा वाटा महाराष्ट्राचा होता.

निकाल लागला तशी त्याची कारणेही तयार झाली. सर्वाधिक खपलेले कारण सहानुभूतीचे. पक्ष फोडले, चिन्हे गेली, म्हणून लोक चिडले आणि त्यांनी धडा शिकवला, असे सांगितले गेले. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. कोण कुठे कुणाशी लढला हे मतदारसंघवार मांडून पाहिले, तर या निवडणुकीचा अर्थ बराच वेगळा निघतो. मतदाराने कुणाच्याही झोळीत कायमचे दान टाकलेले नाही. ठिकठिकाणी त्याचे जे देणे-घेणे थकले होते, ते त्याने चुकते केले.

फुटीची दोन वर्षे

जून २०२२ मध्ये शिंदे यांनी बंड केले आणि महाविकास आघाडीचे सरकार कोसळले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. त्याच वर्षी २ जुलैला अजित पवार सरकारमध्ये सामील झाले आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचे घड्याळ हे चिन्हही त्यांच्याकडे गेले. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय यायला जानेवारी २०२४ उजाडला, तोही कुणालाच अपात्र न ठरवता. लोकसभेच्या वेळी ठाकरे यांच्या हाती मशाल होती, तर शरद पवारांकडे तुतारी वाजवणारा माणूस.

मतदाराला हे सगळे आवडले नव्हते, याबद्दल शंका नको. ज्या पक्षाविरुद्ध मत दिले त्याच पक्षाच्या मांडीला मांडी लावून आपला आमदार बसलेला पाहणे हा मताचा अवमानच असतो, आणि गावागावांत तो तसाच घेतला गेला. पण नापसंती एक गोष्ट आणि मत दुसरी.

दोन्ही शिवसेना १३ मतदारसंघांत थेट भिडल्या. सहानुभूतीची लाट सर्वव्यापी असती तर ठाकरे यांनी यातल्या दहा-अकरा तरी जिंकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बुलढाणा, छत्रपती संभाजीनगर, ठाणे, कल्याण, मावळ, हातकणंगले आणि मुंबई उत्तर पश्चिम अशा ७ जागा शिंदे यांनी घेतल्या आणि ठाकरे यांना ६ मिळाल्या. ठाणे आणि कल्याणमध्ये तर शिंदे यांच्या उमेदवारांचे मताधिक्य दोन लाखांवर होते. राष्ट्रवादीत मात्र उलट झाले. बारामती आणि शिरूर या थेट लढतीच्या दोन्ही जागा शरद पवारांनी राखल्या. बारामतीत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांना १,५८,३३३ मतांनी हरवले. म्हणजे सहानुभूती होती, पण ती पक्षागणिक आणि जिल्ह्यागणिक कमी-जास्त होती.

आता भाजप विरुद्ध काँग्रेस या १५ लढती पाहा. यातल्या ११ काँग्रेसने जिंकल्या. नागपूर, अकोला, पुणे आणि मुंबई उत्तर एवढ्याच भाजपने राखल्या. काँग्रेस काही उभी फुटलेली नव्हती, तिचे चिन्हही गेले नव्हते. उलट अशोक चव्हाणांसारखे माजी मुख्यमंत्री ऐन फेब्रुवारीत भाजपमध्ये गेले होते. तरी नांदेडमध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. महायुतीचा खरा पराभव या १५ जागांवर झाला आणि त्याची कारणे पक्षफुटीत सापडत नाहीत. ती शेतात, आरक्षणाच्या प्रश्नात आणि संविधानाच्या चर्चेत शोधावी लागतात.

कांद्याचा रोष

लाल कांदा टिकत नाही, हे नाशिक जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट पाहता येते, लाल कांदा मात्र काढला की बाजार दाखवावाच लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. नेमका तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे या बाजार समित्यांत काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. ट्रॅक्टरमधला माल घरी नेऊन ठेवण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने तो मोकळा करावा लागला. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची निर्यात परवानगी मिळाली आणि जखमेवर मीठ चोळले गेले. ४ मे रोजी बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लादले गेले. तोवर हंगामही सरला होता आणि लोकांचे मनही ठरले होते.

दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना भास्कर भगरे या शिक्षकाने १,१३,१९९ मतांनी हरवले. नाशिक, शिर्डी, अहमदनगर, धुळे, नंदुरबार हेही महायुतीच्या हातून गेले. उत्तर महाराष्ट्राच्या ८ जागांपैकी जळगाव आणि रावेर या दोनच तिच्याकडे उरल्या. नाशिकच्या पराभवात कांद्याबरोबर घोळाचाही वाटा होता. महाविकास आघाडीचे राजाभाऊ वाजे मार्चअखेरपासून गावोगाव फिरत होते, तर महायुतीने हेमंत गोडसे यांचे नाव जाहीर केले ते १ मे रोजी, अर्ज भरायला दोन दिवस उरले असताना.

मराठवाडा आणि विदर्भात तेच दुखणे सोयाबीन-कापसाचे होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावे लागत होते. खाद्यतेलाच्या स्वस्त आयातीने शहरातली फोडणी स्वस्त झाली, पण सोयाबीनचा भाव पडला. त्याच शेतकऱ्याला किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार मिळत होते, हे खरे. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने किती गेले, हा हिशेब मांडायला त्याला कुणी पुढारी लागला नाही.

आरक्षण आणि संविधान

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि उपोषण करणारे मनोज जरांगे यांचे नाव राज्यभर पोहोचले. जानेवारीत मराठा समाजाचा मोर्चा वाशीपर्यंत आला. २० फेब्रुवारीला विधिमंडळाने मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा केला. जरांगे यांची मागणी ओबीसीतून कुणबी म्हणून आरक्षणाची होती, त्यामुळे रोष शमला नाही. त्यांनी उमेदवार दिले नाहीत. पण कुणाला पाडायचे हे समाजाने मनाशी ठरवले होते.

मराठवाड्याच्या ८ जागांपैकी ७ महाविकास आघाडीकडे गेल्या. जालन्यातून १९९९ पासून सलग निवडून येणारे रावसाहेब दानवे १,०९,९५८ मतांनी पडले. धाराशिवला ओमराजे निंबाळकर यांचे मताधिक्य ३,२९,८४६ होते. बीडमध्ये लढत सरळसरळ मराठा विरुद्ध ओबीसी अशी झाली आणि बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना अवघ्या ६,५५३ मतांनी हरवले. या आकड्याकडे विजय-पराजयापलीकडे पाहायला हवे. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नकार्यात राबणारी माणसे या निवडणुकीत एकमेकांच्या दुकानातून माल घ्यायला कचरू लागली. आरक्षणाचा प्रश्न शेतीच्या तुटीतून आणि नोकऱ्यांच्या टंचाईतून आला आहे. तो सोडवण्याऐवजी त्यावर मतांची बेगमी करण्याचा उद्योग सगळ्यांनी केला आणि त्याची किंमत गावे मोजत आहेत.

दुसरा धागा संविधानाचा. ‘चारसौ पार’ची घोषणा भाजपने उत्साह वाढवण्यासाठी दिली. दलित वस्त्यांत ती वेगळ्याच अर्थाने पोहोचली. एवढे बहुमत संविधान बदलण्यासाठीच हवे आहे, असा समज पसरला आणि भाजपच्या काही नेत्यांच्या वक्तव्यांनी त्याला बळ मिळाले. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात हा मुद्दा शेवटच्या माणसापर्यंत जायला सभांची गरज नव्हती. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा वंचित बहुजन आघाडीच्या मतांत आहे. २०१९ मध्ये वंचितला सुमारे ७ टक्के मते मिळाली होती. नांदेडला अशोक चव्हाण तेव्हा ४० हजारांच्या फरकाने हरले आणि वंचितच्या उमेदवाराने १ लाख ६६ हजार मते घेतली होती. २०२४ मध्ये वंचितची महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली. मात्र तिच्या मतदाराने नेत्यांच्या बोलण्यांची वाट पाहिली नाही. वंचितचा वाटा ३ टक्क्यांच्या आत आला. अकोल्यात प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते, तिथेच ही मते टिकली आणि तिथे तिरंगी लढतीत भाजपचे अनुप धोत्रे निवडून आले.

मुस्लिम मतदारही असाच एकवटला. धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास दोन लाख मते मिळाली, भामरे यांना पाच हजारांहूनही कमी. बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. यावरून पुढे बरेच विखारी राजकारण झाले. पण ज्या वस्तीत मत मागायला कुणी जात नाही, तिथून मत न मिळाल्याची तक्रार करता येत नाही.

विदर्भ, मुंबई, कोकण

विदर्भात पहिल्या दोन टप्प्यांत, १९ आणि २६ एप्रिलला, मतदान झाले आणि १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीने घेतल्या. चंद्रपूरला राज्याचे मंत्री सुधीर मुनगंटीवार यांना प्रतिभा धानोरकर यांनी २,६०,४०६ मतांनी हरवले. दलित, मुस्लिम, कुणबी आणि आदिवासी मतांची जुनी काँग्रेसी मोट इथे पुन्हा बांधली गेली. शिंदे यांच्या पक्षात उमेदवारीचा गोंधळ झाला तोही इथेच. रामटेकला कृपाल तुमाने आणि यवतमाळ-वाशिमला भावना गवळी या विद्यमान खासदारांना डावलले गेले. शेजारच्या हिंगोलीत तर हेमंत पाटील यांचे जाहीर झालेले नाव मागे घेतले गेले. तिन्ही जागा गेल्या. महाविकास आघाडीनेही असाच हट्ट सांगलीत केला. वसंतदादांच्या घराण्याची जागा ठाकरे यांच्या पक्षाने मागून घेतली, काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ते मानले नाही आणि विशाल पाटील अपक्ष उभे राहून एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. वरून लादलेला उमेदवार लोक नाकारतात, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

मुंबईत ६ पैकी ४ जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. राज ठाकरे यांनी गुढीपाडव्याला मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला होता, तरीही मराठी वस्त्यांत मशाल चालली आणि तिला मुस्लिम मतांची जोड मिळाली. ठाणे-कोकणात नेमके उलटे घडले. पालघर ते सिंधुदुर्ग पट्ट्यातल्या ६ पैकी भिवंडी वगळता सगळ्या जागा महायुतीकडे गेल्या. इथे कांदा नाही, सोयाबीन नाही, मराठा आरक्षणाची धगही नाही. शाखेपासून नगरपालिकेपर्यंत विणलेली माणसे आहेत. शिंदे, तटकरे आणि राणे या महायुतीच्या नेत्यांनी ती राखली. लाट हेच कारण असते, तर ती कसारा घाटाखाली उतरताना थांबली नसती.

एक मत, एक चिन्ह

दिंडोरीत आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे राज्याने पुरेसे लक्ष दिले नाही. भास्कर भगरे यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतदानयंत्रावर आणखी एक अपक्ष भगरे होते, त्यांच्याही नावापुढे ‘सर’ होते आणि त्यांना मिळालेले चिन्ह इंग्रजी बाजातले वाद्य असले तरी यादीत मराठीत ‘तुतारी’ म्हणूनच छापलेले. या अपक्षाला १,०३,६३२ मते पडली. त्यांचा प्रचार फारसा कुणी पाहिला नव्हता. दिंडोरीत मताधिक्य मोठे होते म्हणून निकाल बदलला नाही. साताऱ्यात मात्र उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तुतारी चिन्हाच्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली. ही सगळी मते शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार शशिकांत शिंदे यांचीच होती असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला आपण दिलेले मत कुणाला गेले याची खात्री नसावी, ही लोकशाहीची मोठी नामुष्की आहे.  हे चिन्ह आधीच का वगळले गेले नाही, याचे उत्तर मतदाराला मिळायला हवे होते.

एकेका मताचे मोल मुंबई उत्तर पश्चिममध्येही दिसले. यंत्रांवरच्या मोजणीत ठाकरे यांच्या पक्षाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिंदे यांच्या पक्षाचे रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे एका मताचा फरक. टपाली मते मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. शहरात निम्मे मतदार घरी बसतात. मुंबई दक्षिण आणि कल्याणमध्ये मतदान ५० टक्क्यांच्या आसपास रेंगाळले, तर गडचिरोलीच्या जंगलात ते ७० टक्क्यांवर गेले. ज्यांच्या दाराशी मतदान केंद्र आहे त्यांनी याची लाज बाळगावी.

मते सारखी, जागा जवळपास दुप्पट

एवढे सगळे होऊनही दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये अर्ध्या टक्क्याचेही अंतर नव्हते. महाविकास आघाडी ४४ टक्क्यांच्या किंचित आत, महायुती त्याच्या किंचित मागे. भाजपची २६ टक्के मते राज्यात सर्वांत जास्त होती. तरी जागा ३० विरुद्ध १७. महायुतीची मते मुंबई उत्तर, ठाणे, कल्याणसारख्या जागांवर ढिगाने साचली, तर धुळ्यापासून भंडाऱ्यापर्यंत महाविकास आघाडीची मते कामापुरती पण जागोजागी पुढे राहिली. सरळ लढतीत वंचितची चार टक्के मते इकडून तिकडे गेली की डझनभर जागा फिरतात. ही बारीक बाब जिंकणाऱ्यांनी वाचलीच नाही.

हरणाऱ्यांनी ती वाचली. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले. सप्टेंबरमध्ये केंद्राने कांद्याचे किमान निर्यात मूल्य काढले, शुल्क निम्मे केले आणि खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढवले. मराठा एकजुटीला उत्तर म्हणून ओबीसी मते एकत्र आली. महाविकास आघाडीतले नेते मात्र मुख्यमंत्री कोण यावर भांडत राहिले. लोकसभेला दीडशेहून अधिक विधानसभा क्षेत्रांत पुढे असलेली ही आघाडी नोव्हेंबरच्या विधानसभा निकालात पन्नाशीच्या आत आली. भाजप १३२, शिंदे ५७ आणि अजित पवार ४१ अशा २३० जागा तीन पक्षांनी मिळून जिंकल्या.

अनेकांना हा उलटफेर अनाकलनीय वाटला. त्यांनी नांदेड पाहावे. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाले आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, त्याच मतदाराने दोन मते दिली. सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला गेल्या आणि लोकसभेची जागा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली.

मतदार भाबडा आहे, पैशाला भुलतो, जातीपलीकडे पाहत नाही, असे बोलणे शहरी दिवाणखान्यांत आणि पक्षांच्या कार्यालयांतही सर्रास ऐकू येते. २०२४ च्या महाराष्ट्राने ते खोटे पाडले. दिल्लीसाठी कोण, मुंबईसाठी कोण, कुणाला आणखी एक संधी आणि कुणाला घरी पाठवायचे, हे इथला माणूस वेगवेगळे ठरवतो. त्याच्या या निवडीला न्याय द्यायचा असेल, तर काही गोष्टी व्हायलाच हव्यात. पक्षांतराचा निवाडा महिन्यांत लागावा, पुढच्या निवडणुकीच्या उंबरठ्यापर्यंत तो रखडता कामा नये. चिन्हांची यादी मतदाराच्या नजरेने तपासली जावी. आणि शेतमालाच्या निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर होऊन हंगामभर पाळले जावे. यातले काहीही करायला कोणत्याही पक्षाला नव्या बहुमताची गरज नाही. आज जे सत्तेत आहेत आणि जे विरोधात बसले आहेत, त्या दोघांनाही लोकांनी आलटून पालटून पुरेसे बळ दिलेले आहे.